"आवाज मर्यादेत आहे" असं अधिकारी सांगतात तेव्हा: जुळे सोलापुरातून आलेल्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची सोसायटी आसरा पुलाजवळ, होटगीकडे जाणाऱ्या रुळांपासून साधारण १२० मीटरवर. प्रभागातल्या बैठकीत रहिवाशांनी रात्रीच्या गाड्यांचा विषय काढला, तेव्हा समोर बसलेल्या अधिकाऱ्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. आवाज मोजला आहे, तो ५३ डेसिबल भरला, म्हणजे मर्यादेत आहे. विद्युतीकरण झालंय, त्यामुळे यापुढे तो कमीच होत जाणार. आणि तरीही त्रास वाटत असेल तर कडेनं झाडं लावून देऊ. तुमचं म्हणणं, रात्री दोन-अडीचला हमखास जाग येते, सासऱ्यांना तर त्यानंतर झोपच लागत नाही. मग अधिकारी खोटं बोलतायत, की आमचे कानच हळवे झालेत?

ताई, कान ठीक आहेत, आणि अधिकारीही बहुधा खोटं बोललेले नाहीत. आवाज मोजणं हाच माझा धंदा आहे. कारखाने, दवाखाने, बांधकामं आणि अधूनमधून रुळांकडेच्या सोसायट्या. अशा बैठकांना मी दोन्ही बाजूंनी बसलो आहे. हवेतून काढलेला आकडा मला क्वचितच भेटला. गडबड होते ती आकड्यानंतरच्या तीन शब्दांत: "म्हणजे मर्यादेत आहे."

मर्यादा कुठली ते आधी पाहू. आपल्याकडे ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० लागू आहेत. त्यात परिसराचे चार प्रकार केलेत: औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. व्यापारी भागाला तेच आकडे ६५ आणि ५५ होतात. रेल्वेसाठी या नियमांत वेगळा रकाना नाही, त्यामुळे तुमच्या सोसायटीला निवासी भागाचेच आकडे लागू. आणि हे आकडे सरासरीचे आहेत. त्या कालावधीत कानाशी आलेल्या सगळ्या ध्वनिऊर्जेची सरासरी. एखादा क्षण किती मोठा असावा यावर त्यात काहीच बंधन नाही.

म्हणजे ५३ हा आकडा ५५ शी ताडला तर पास, ४५ शी ताडला तर सपशेल नापास. बैठकीत विचारायला हवा होता तो पहिला प्रश्न हाच: हे ५३ दिवसाचे की रात्रीचे? मोजणी करणारी माणसं कार्यालयीन वेळेत येतात, अकराच्या सुमाराला गेटपाशी मीटरचं तिकाटणं उभं करतात, अर्धा तास थांबतात, चहा घेतात आणि जातात. त्यांना दोष देत नाही, रात्रपाळीचा भत्ता त्यांना कोण देणार? पण त्या अर्ध्या तासातून रात्री दोन वाजताचं काहीच कळत नाही.

आता जरा गणित करू, कारण सगळी मेख तिथेच आहे. कोळशाची एक भरलेली रेक घ्या. ५८ डबे, इंजिनासकट साडेसहाशे मीटरच्या आसपास. ताशी ५० किलोमीटरनं गेली तर एका जागेवरून पूर्ण जायला पाऊण मिनिट लागतं. त्या पाऊण मिनिटात तुमच्या गच्चीवर ७५ डेसिबल येतात असं धरून चालू. प्रत्यक्ष आकडा मोजूनच कळेल, पण हिशेबाला हा चालेल. रात्रीचे आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. बाकी सगळी रात्र अगदी चिडीचूप असली तरी या एकाच गाडीमुळे आठ तासांची सरासरी ४७ वर जाते. एक गाडी, आणि ४५ ची मर्यादा ओलांडली. डेसिबलची बेरीज साधी नसते, सारखे आवाज दुप्पट झाले की ३ वाढतात, दसपट झाले की १०. त्या हिशेबानं अशा आठ गाड्या गेल्या तर रात्रीची सरासरी ५६ येते.

आता त्याच आठ गाड्या दिवसा सोडा. दिवस सोळा तासांचा धरतात, म्हणून तीच ऊर्जा दुप्पट वेळेवर पसरते आणि सरासरी येते ५३. दिवसा मर्यादेच्या दोननं खाली, रात्री मर्यादेच्या अकरानं वर. गाड्या त्याच, रूळ तेच, घर तेच. अधिकाऱ्यांचा आकडा आणि तुमची मोडलेली झोप ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, ती अशी.

त्या अकराला कायद्यातही वजन आहे. नियमांत तक्रारीची तरतूद आहे, आणि आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक वर गेला तर प्राधिकरणाकडे तक्रार करता येते असं त्यात स्पष्ट म्हटलंय. प्राधिकरण म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जाच्या खालचा नसलेला नेमलेला अधिकारी. म्हणून रात्रीचा आकडा स्वतंत्र मागणं हा नुसता हट्ट नाही.

सरासरीबद्दल आणखी थोडं. सोलापूरचं वर्षाचं सरासरी तापमान पाहून कुणी इथं राहायला आला तर मे महिन्यात त्याची जी गत होईल, तीच रात्रीच्या सरासरीवर विसंबून घर घेणाऱ्याची होते. झोप सरासरीनं मोडत नाही, एकेका गाडीनं मोडते. म्हणून आमच्या अहवालांत आम्ही तीन आकडे लिहितो: रात्रीची सरासरी, प्रत्येक गाडीचा कमाल आवाज, आणि रात्रीत अशा गाड्या किती. अधिकाऱ्यांकडे यातला पहिला असला तर नशीब. दुसरा-तिसरा कुणी मागितलेलाच नसतो, म्हणून नसतो.

याच जागी एक फसवा युक्तिवाद येतो. मार्ग दुहेरी झाला, आता गाड्या वाढणार का, असं विचारलं की उत्तर मिळतं, "दुप्पट झाल्या तरी फक्त ३ डेसिबल वाढतील, आणि ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो." दोन्ही वाक्यं शास्त्राला धरून आहेत. पण ३ डेसिबलचा फरक जेमतेम कळतो तो सलग चालणाऱ्या आवाजात, पंख्यासारख्या. गाड्या चाराच्या आठ झाल्या तर जाग येण्याच्या संधीही चाराच्या आठ होतात, त्यांना डेसिबल लावून कमी करता येत नाही. हे वाक्य एखाद्या सादरीकरणात दिसलं तर मी तिथल्या तिथे हात वर करतो.

आता हॉर्न, म्हणजे तुम्हाला अडीच वाजता जागं करणारा खरा संशयित.

चाकांचा आवाज आणि हॉर्न यांचं वागणं वेगळं. गाडी लांबलचक असते, म्हणून तिच्या चाकांचा आवाज जवळच्या अंतरात दुप्पट लांब गेलं तरी ३ डेसिबलच उतरतो. हॉर्न एका बिंदूतून येतो, तो दुप्पट अंतराला ६ नं उतरतो, पण मुळातच इतका मोठा असतो की उतरूनही भारी पडतो. समजा तुमच्या गच्चीवर हॉर्नचे ८५ डेसिबल येतात आणि रात्रभरात मिळून तो फक्त दहा सेकंद वाजतो. त्या दहा सेकंदांनीच आठ तासांची सरासरी ५० वर जाते. म्हणून दुसरा प्रश्न: मोजणीत हॉर्न धरलाय की वगळलाय? हॉर्नचा भाग "प्रासंगिक आवाज" म्हणून कापून टाकलेले अहवाल मी पाहिलेत. तांत्रिकदृष्ट्या तसं करता येतं, पण मग पानावर तसं लिहायला हवं, आणि बैठकीत बोलूनही दाखवायला हवं.

हॉर्न वाजवणं ही ड्रायव्हरची लहर नाही. फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे रुळाकडेला पिवळी पाटी असते, तिच्यावर "सी/फा" लिहिलेलं असतं, म्हणजे सीटी आणि फाटक. त्या पाटीपासून फाटक ओलांडेपर्यंत वाजवत राहायचं हा नियम आहे. तुमच्याकडे मात्र आसऱ्याला पूल आहे. मग तिथं का वाजतो? वळण, पुढं काम करणारे ट्रॅकमन, सिग्नलवरून निघताना, अशी बरीच कारणं असतात. पण वस्तीतल्या पट्ट्यात सर्वांत मोठं कारण म्हणजे रूळ ओलांडणारी माणसं. पुलाला वळसा नको म्हणून रुळांवरून पलीकडे जाणारी पायवाट तुम्हीही पाहिली असेल. रुळांच्या खडीत मळलेली, मधे एखादी चप्पल पडलेली, बाजूला कुंपणाची वाकवलेली जाळी. रात्री त्या वाटेवर दिव्याच्या झोतात सावली हलली की लोको पायलटचा हात हॉर्नवर जातो, आणि तो जायलाच हवा.

म्हणजे तिथला हॉर्न कमी करायचा सर्वांत परिणामकारक उपाय आवाजाशी थेट संबंधित नाहीच. सलग कुंपणभिंत आणि माणसांना पलीकडे जायला सोयीचा पादचारी पूल किंवा भुयारी वाट. यातलं निम्मं काम रेल्वेचं, निम्मं स्थानिक यंत्रणेचं. बैठकीत हे कुणी बोलत नाही, त्याचं कारण तुम्हीच ओळखा.

व्हॉट्सॅपवर अमेरिकेतल्या "शांत पट्ट्यां"चा एक संदेश फिरतो आणि मग रहिवासी विचारतात, आपल्याकडे का नाही? तिकडे इंजिनाचा हॉर्न १०० फुटांवर किमान ९६ आणि कमाल ११० डेसिबल असावा, फाटकाआधी १५ ते २० सेकंद वाजावा, असा केंद्रीय नियम आहे. पण तिथल्या नगरपालिकेला फाटकांवर जादा सुरक्षा व्यवस्था उभी करून नेहमीचा हॉर्न थांबवण्याची रीतसर प्रक्रिया उपलब्ध आहे. म्हणजे तिथल्या स्थानिक अधिकाऱ्याला या बाबतीत काही हातपाय आहेत. आपल्याकडे तशी सोय नाही. दवाखान्याभोवतीच्या १०० मीटरांत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, पण त्या पाटीकडे बघून गाडीचा हॉर्न थांबत नाही. तेव्हा "आम्ही रेल्वेला सांगून हॉर्न बंद करून घेतो" असं कुणी स्थानिक अधिकारी म्हणाला, तर तो आपल्या अखत्यारीबाहेरचं आश्वासन देतोय असं समजा.

हिवाळ्याचंही सांगून टाकतो, कारण यावरून भांडणं होतात. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत रात्री आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार झाली की आवाज वर निघून जाण्याऐवजी वाकून पुन्हा खाली येतो. उन्हाळ्यात ऐकूच न येणारा टिकेकरवाडी स्टेशनकडचा हॉर्न जानेवारीत अंथरुणात ऐकू येतो तो त्यामुळे. मे महिन्यात भर दुपारी केलेली मोजणी जानेवारीच्या रात्रीला लावणं चूक, इतकंच.

विद्युतीकरणाचा दावा अर्धा बरोबर आहे. डिझेल इंजिन हळू चालताना, जड गाडी ओढताना आणि आउटरला, म्हणजे स्टेशनबाहेरच्या सिग्नलला, उभं असताना जी घरघर करतं ती विजेच्या इंजिनानं बरीच गेली. रुळांच्या अगदी जवळ राहणाऱ्यांना तो फरक नक्की जाणवतो, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण गाडीनं वेग घेतला की मुख्य आवाज रुळावर चाक फिरण्याचा असतो, आणि चाकाला वर तार आहे की नाही याची काही खबर नसते. वेग दुप्पट झाला तर हा आवाज साधारण ९ डेसिबलनं वाढतो. त्यात एखाद्या डब्याचं चाक ब्रेक चिकटून घासलं गेलं असेल, ज्याला रेल्वेवाले फ्लॅट टायर म्हणतात, तर त्याची ठकठक सगळ्या गाडीच्या वर ऐकू येते. सवारी गाड्यांत नवे डबे आणि डिस्क ब्रेक आल्यानं चाकं गुळगुळीत राहतात, त्या खरंच शांत झाल्यात. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली वंदे भारत तुमच्या बाजूला येतच नाही, ती स्टेशनवरून मुंबईकडे जाते. तरीही बैठकांत तिचं उदाहरण हमखास देतात. तुमची झोप मोडते मालगाडीनं, आणि उत्तर मिळतं वंदे भारतचं.

झाडांबद्दल फार लिहीत नाही. लावा, सोलापुरात सावली कुणाला नको? पण आवाजासाठी नको. तीस मीटर खोल, आरपार न दिसणारी दाट झाडी असेल तर दोन-तीन डेसिबल पदरात पडतात. कडेनं कडुनिंबाची एक ओळ लावून काहीही पडत नाही. गाडी दिसेनाशी होते म्हणून थोडं बरं वाटतं, तेवढंच. भिंत वेगळी. भिंतीनं चाकं नजरेआड केली की तिथंच पाच डेसिबल कमी होतात, उंची वाढवली की त्याहून जास्त. पण दोन-अडीच मीटरची भिंत तळमजल्याला आणि फार तर पहिल्या मजल्याला उपयोगी. तिसऱ्या मजल्यावरून चाकं दिसतच राहतात. आणि हॉर्न असतो इंजिनाच्या टपापाशी, तो भिंतीच्या वरून थेट तुमच्या खिडकीत येतो. भिंतीचं आश्वासन मिळालं तर कुठल्या मजल्यासाठी किती फरक, हे लेखी मागा.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मुळात महत्त्वाचं: कुणाला काय माहीत असतं? स्थानिक अधिकारी ज्या गोष्टी स्वतः ठरवतो त्यांबद्दल तो बहुतेकदा अचूक असतो. तुमचा भूखंड विकास आराखड्यात निवासी आहे की व्यापारी, बांधकामाला कधी परवानगी मिळाली, पादचारी पुलाचा प्रस्ताव कुठं अडलाय, हे तो सांगेल आणि ते बरोबर असेल. रात्री किती मालगाड्या जातात हे त्याला माहीत नसतं, कारण ते रेल्वेच्या नियंत्रण कक्षालाच माहीत असतं, आणि मालगाडी सवारी गाडीसारखी छापील वेळापत्रकावर चालत नाही. तरी बैठकीत कुणी विचारलं की "पाच-सहा असतील" असं उत्तर येतं. खुर्चीत बसल्यावर "मला माहीत नाही" म्हणणं जड जातं, दुसरं काही नाही.

होटगीचं उदाहरण घ्या. फताटेवाडीजवळचा एनटीपीसीचा प्रकल्प १३२० मेगावॉटचा. पूर्ण क्षमतेनं चालला तर दिवसाला कोळशाच्या चार-पाच रेक लागतील असा हिशेब निघतो. लगेच कुणीतरी म्हणतं, म्हणजे आसऱ्यावरून रोज चार-पाच रेक जातात. पण पूर्वेकडून वाडीमार्गे आलेली रेक त्याच बाजूला रिकामी होते, तिचा तुमच्या खिडकीशी संबंधच येत नाही. दौंडकडून शहर ओलांडून येणारी मात्र तुमच्या समोरून जाते, आणि रिकामी होऊन परतही येते. रिकामे डबे भरलेल्यांपेक्षा जास्त खडखडतात, हे रुळांकडे राहणाऱ्या कुणालाही विचारा. तेव्हा कोणत्या दिशेनं किती, हे रेल्वेकडूनच यायला हवं. हद्दीचंही लक्षात ठेवा. सोलापूर ते होटगी हा पट्टा मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. होटगीहून विजयपूरकडे जाणारा मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेचा. तुमचा अर्ज सोलापूरच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसात, म्हणजे तुम्हाला रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर.

यात एक मोठी पोकळी आहे, आणि तिच्यामुळेच अधिकाऱ्यांना अंदाजानं बोलावं लागतं. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत रेल्वेमार्ग येत नाहीत. महामार्गाला किंवा कारखान्याला पर्यावरण मंजुरी लागते, जनसुनावणी होते, तिथं आवाजाचे आकडे कागदावर येतात. रूळ दुहेरी करताना तसा कागद बनवणं बंधनकारक नाही. म्हणजे दुहेरीकरणाआधी रात्री किती आवाज होता याची नोंद शोधायला गेलात तर हाताला काही लागण्याची शक्यता कमी. "आधीपेक्षा कमी झालाय" असं कुणी म्हणालं तर "आधीचा आकडा दाखवा" एवढंच म्हणा.

बिल्डरच्या ऑफिसात एक वाक्य ऐकू येतं, "रेल्वेचं ना हरकत आहे." रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरांच्या आत बांधायचं तर ते लागतं, पण ते रुळांच्या सुरक्षिततेसाठी. आवाजाचा त्यात विचार नसतो. तुमची इमारत १२० मीटरवर, म्हणजे तुमच्यासाठी ते लागलंही नसेल.

रहिवाशांच्या बाजूलाही थोडं बोलायला हवं. बैठकीत कुणीतरी मोबाइल उंचावून "बघा, १०४ डेसिबल!" म्हणतो, आणि तिथून पुढं अधिकारी कुणाचंच ऐकत नाहीत. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला तो दबतो किंवा भलतंच दाखवतो, आणि क्षणभराचा कमाल आकडा ५५ च्या सरासरीशी ताडणं ही अधिकाऱ्यांच्या चुकीचीच दुसरी बाजू झाली. मोबाइलचा उपयोग वेगळ्या कामाला करा: वेळ नोंदवायला. आठवडाभर सोसायटीतल्या दोघा-तिघांनी आळीपाळीनं रात्री १० ते ६ एक वही ठेवा. गाडी किती वाजता, कुठल्या दिशेनं, मालगाडी की सवारी, हॉर्न वाजला का, किती वेळा, आउटरला थांबली का. ही वही मी मोजणीइतकीच मोलाची मानतो, कारण नंतर रेल्वेच्या नोंदीशी ती ताडून पाहता येते.

प्रत्यक्ष मोजणी क्लास वन, म्हणजे सर्वांत अचूक दर्जाच्या, मीटरनं करून घ्या. सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर (ठराविक आवाज देणाऱ्या उपकरणावर) मीटर तपासलेला असावा, माइकवर वारा अडवणारं टोपण असावं, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच आणि भिंतीपासून साडेतीन मीटर दूर, नाहीतर भिंतीवरून परतलेला आवाजही मोजला जातो. एक पूर्ण रात्र हवी, दोन असल्या तर उत्तम. आवाजाचं ध्वनिमुद्रण सोबत चालू ठेवायला सांगा, म्हणजे कुत्री भुंकली की गाडी गेली यावर नंतर वाद होत नाही.

मग दोन कागद. पहिला माहिती अधिकाराचा अर्ज, डीआरएम ऑफिसला, दहा रुपये फी. मत मागू नका, असलेली नोंद मागा: अमुक महिन्यात सोलापूर-होटगी पट्ट्यात रात्री १० ते ६ प्रत्येक रात्री किती मालगाड्या आणि किती सवारी गाड्या गेल्या, त्या पट्ट्यातल्या कायमच्या शिट्टीच्या पाट्या कुठल्या किलोमीटरवर, कुंपणभिंत कुठून कुठपर्यंत मंजूर आहे. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, न आल्यास पहिलं अपील. दुसरा कागद बैठकीतल्या अधिकाऱ्यांना, आणि तो नम्रपणे लिहा, कारण तो माणूस तुमच्या बाजूनं उभा राहू शकतो: "आपण सांगितलेले ५३ डेसिबल कुठल्या ठिकाणी, कुठल्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मोजले, त्या वेळात किती गाड्या गेल्या, हॉर्न धरला का, आणि परिसर कुठल्या प्रकारात गणला, ते कृपया कळवावं." मला आलेल्या अनुभवात असं पत्र गेलं की पुढच्या बैठकीत सूर बदलतो. एका अधिकाऱ्यांनी तर उभं राहून सांगितलं होतं, "दिवसाचं मोजलंय, रात्रीचं मोजलेलं नाही, मोजून सांगतो." रहिवाशांनी त्यांना त्यावर एका शब्दानंही छेडलं नाही.

पोलीस आयुक्तांकडे तक्रार रात्रीची मोजणी हातात आल्यावरच करा. त्याआधी केली तर ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते, तिथून मोजणीला माणूस येतो, आणि तो पुन्हा सकाळी अकरालाच येतो.

सासऱ्यांच्या खोलीचं काय करायचं तेही विचारलंत. उघडी खिडकी बाहेरचा आवाज दहा-पंधरा डेसिबलनं कमी करते, साधी काच नीट बंद केली तर पंचवीसच्या आसपास. स्लायडिंग खिडकीच्या फटी हा खरा शत्रू. दुहेरी काच बसवण्याआधी फटींना रबरी पट्टी आणि चांगली बसणारी कडी लावून पाहा, पैसे वाचतील. शक्य असेल तर त्यांना रुळांच्या विरुद्ध बाजूची खोली द्या, इमारतच आड येते आणि तो फरक चांगलाच मोठा असतो. मार्चनंतर खिडक्या बंद ठेवून झोपणं आपल्याकडे होणार नाही, जुन्या घरांत लोक माळवदावर आणि आता गच्चीवर झोपतात, त्यामुळे "घरात आवाज अमुक इतकाच येईल" असा बंद खिडकीचा हिशेब कुणी मांडला तर तो जून ते फेब्रुवारीपुरताच धरा. गच्चीवर झोपायचंच असेल तर जिन्याच्या खोलीच्या आडोशाला, रुळांकडे पाठ येईल अशी जागा बघा. मोजणीसाठी माइक मात्र तिथे ठेवू देऊ नका, तो रुळांच्या बाजूच्या कठड्याकडेच हवा.